झाड हिरवं आहे ना, मग अडचण काय?

सोसायटीतल्या गुलमोहराचा सगळा पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला, तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारतात, "तुम्ही झाड तोडायची परवानगी कशी मिळवलीत?" दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कार्यालयाचं नाव घेणार नाही. पुणे परिसरात दोन महापालिका आणि तीन कॅन्टोन्मेंट आहेत, ज्याने त्याने आपापलं समजून घ्यावं.

झाड पार्किंगच्या कडेला. मे महिन्यात लालभडक फुलायचं, सगळ्यांच्या गाड्यांवर सावली धरायचं. बुंध्याशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, वॉर्निश मारल्यासारखी चकचकीत, तांबूस तपकिरी आणि कडेला पांढरी किनार असलेली एक टणक बुरशी उगवली होती. खालच्या स्कूटरच्या सीटवर रोज कोको पावडरच्या रंगाची भुकटी साचायची. आम्हाला वाटलं, रस्त्याची धूळ. वरच्या मजल्यावरच्या काकूंची भाची वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करते. ती म्हणाली, "काका, ही गॅनोडर्मा दिसतेय. भुकटी म्हणजे तिचे बीजाणू. आणि बाहेर दिसतंय ते नुसतं फळ आहे, खरी बुरशी आत लाकडात आहे. किती वर्षं, ते सांगता येणार नाही."

तिने मला जे समजावलं, ते कार्यालयातल्या कुणालाही मी समजावू शकलो नाही. खोडाचा आतला गाभा तसाही मृत असतो. पाणी वर नेणारं लाकूड बाहेरच्या थरात, आणि पानांनी तयार केलेलं अन्न खाली आणणारा थर सालीलगत. गॅनोडर्मा लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन कुजवते, लाकूड फिकट आणि भुसभुशीत होतं. म्हणजे आतून पोखरलेलं झाड वर्षानुवर्षं पालवतं, फुलतं, आणि एक दिवस वारा नसतानाही आडवं होतं, कारण बुंध्याबरोबर जाड मुळंही कुजलेली असतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याची मुळं वरवर पसरतात आणि लाकूड ठिसूळ. आमच्याकडे तर ड्रेनेजच्या कामात मुळं तोडली होती आणि वर पेव्हर ब्लॉक ठोकले होते. बुरशीला आत शिरायला जखम लागते, ती आम्हीच पुरवली होती.

अर्ज भरणं सोपं. सोसायटीचा ठराव, फोटो, जागेचा नकाशा, सही-शिक्का, झालं. कायदा 1975 चा आहे, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. त्याच्या हेतूबद्दल माझी काहीच तक्रार नाही, उलट तो नसता तर पुण्यात आज किती झाडं उरली असती कोण जाणे. तक्रार आहे ती स्थळपाहणीबद्दल.

साहेब आले. मान वर केली, शेंडा बघितला आणि म्हणाले, "झाड हिरवं आहे ना, मग अडचण काय?" मी म्हटलं, "साहेब, वर नको, खाली बघा." खाली बघितलं तर बुरशी गायब! आमच्या सेक्रेटरींनी आदल्याच दिवशी वॉचमनकडून ती पहारीने खरवडून काढून घेतली होती. त्यांच्या मते बुरशी काढली की रोग गेला. कैऱ्या उतरवल्या म्हणून आंब्याचं झाड मरत नाही, हे त्यांना नंतर सांगून उपयोग नव्हता. शेरा पडला: 'झाड हिरवे व सुस्थितीत आहे. तोडण्याची आवश्यकता नाही.'

इथून पुढे जे सुरू झालं त्याने माझं रक्त आटवलं. मी कार्यालयात जाऊन सांगितलं की भाचीने बुरशी ओळखली आहे. "तज्ज्ञांचा दाखला आणा." बरं, आणतो. तिचे प्राध्यापक भले, म्हणाले, बुरशीचं नाव लिहून देतो. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत तर बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, नावाच्या बाबतीत या शहरात अडचण यायचं कारण नाही. पण पलीकडच्या टेबलावर सांगितलं, "नाव नको, झाड पडेल असं लिहून हवं." ते प्राध्यापक लिहीनात, आणि त्यांचं बरोबरच होतं. बुरशी कोणती हे कळलं म्हणून खोडात शाबूत लाकूड किती उरलंय ते कळत नाही. मग झाडांची तपासणी करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने खोडाभोवती यंत्र लावून, आवाजाच्या लहरी सोडून, आत पोकळी असल्याचा अहवाल दिला. पैसे सोसायटीच्या खात्यातून गेले. कार्यालय म्हणालं, "खाजगी अहवाल चालत नाही."

"मग तज्ज्ञ म्हणजे नक्की कोण?"

"ते तुम्ही बघायचं."

पुढे फाइल 'वर' गेली. वर म्हणजे कुठे ते शेवटपर्यंत कळलं नाही. टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेलेले, रजेवर किंवा निवडणुकीच्या ड्यूटीवर. कधी भेटलेच तर तोच प्रश्न पुन्हा: "पण झाड वाळलंय का?" फॉर्ममध्ये कारणांचा रकाना आहे, त्यात 'वाळलेले' आहे, 'धोकादायक' आहे, 'बांधकामास अडथळा' आहे. हिरवं आणि तरीही धोकादायक, असं झाड त्यांच्या हिशेबात बसतच नव्हतं. बुरशीला मात्र आवक क्रमांक लागत नाही, तिचं काम आत रोज चालू होतं. आमच्या इमारतीतले लोक मला जिन्यात अडवून विचारायचे, "काय झालं हो परवानगीचं?" आणि गाडी तिथेच लावायचे.

घोडं कशाने हललं, ते नीट वाचा. तोंडी बोलणं बंद केलं. 'झाड पडून हानी झाल्यास या अर्जाची नोंद घेतली जावी' असं पत्र देऊन पोच घेतली, शिक्क्यासकट. मग दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. प्रश्न दोनच: तज्ज्ञाचा दाखला कोणत्या नियमाने मागता, आणि तज्ज्ञ म्हणून कोण चालतो? तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक असतं. उत्तर आलं नाही, पण पुन्हा पाहणी करू असा फोन आला. आणि तोवर पाऊस सुरू झाला होता. खरवडलेल्या जागीच बुरशीची नवी फळं आली, एक तर पेव्हर ब्लॉकच्या फटीतून, थेट मुळावर. या वेळी मी सेक्रेटरींना बजावलं होतं, हात लावाल तर बघा.

साहेबांबरोबर एक वयस्कर मुकादम होते. त्यांनी वर बघितलंच नाही. कोयत्याच्या मुठीने बुंध्यावर चारी बाजूंनी ठोकलं, एका ठिकाणी थांबून पुन्हा ठोकलं आणि म्हणाले, "पोकळ हाय साहेब." मग सळई मागितली. सळई कोपरापर्यंत आत गेली, विशेष जोर न लावता. मी टेप धरून फोटो काढले. सगळे दाखले, अहवाल एकीकडे आणि ती सळई एकीकडे. शेरा बदलला.

नंतरची नोटीस, हरकतींची मुदत वगैरे सुरळीत झालं. हरकत एकच आली, शेजारच्या इमारतीतल्या पक्षी बघणाऱ्या गृहस्थांची. वरच्या एका फांदीत तांबटाची ढोली होती. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण पटलं. तांबटाची चोच घट्ट ओल्या लाकडासाठी नाही. बुरशीने मऊ केलेली फांदी असेल तरच तो ढोली कोरतो, आणि त्याने सोडलेल्या ढोल्या पुढे दुसऱ्या पक्ष्यांच्या कामी येतात. म्हणून पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलो, गाड्या हलवल्या, दोरी बांधली. मग वरचा भार उतरवून आठेक फुटांचं खोड उभं ठेवायची परवानगी घेतली. पडलं तरी कुणाच्या डोक्यात पडणार नाही. कुजेल त्याच्या गतीने, कुजू दे. पावसाळ्यात वेताळ टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या झाडांचे पडलेले ओंडके बघा, बुरशी नसती तर ते सगळं लाकूड तसंच साचून राहिलं असतं.

एक राहिलंच. बुरशी 'पसरेल' म्हणून शेजारचा कडुनिंबही काढा आणि झाडांच्या आळ्यांत बुरशीनाशक ओता, असा आग्रह बैठकीत झाला. दोन्हीला मी ठाम विरोध केला. कडुनिंबाच्या मुळांना जखम नाही, तो धडधाकट आहे. मातीत ओतलेलं औषध गुलमोहराच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, पण मुळांशी भागीदारी करून झाडाला फॉस्फरस मिळवून देणाऱ्या चांगल्या बुरशींना ते मारू शकतं. त्या पैशांत कडुनिंबाभोवतीचे ब्लॉक उखडून माती मोकळी केली.

आणि हो, अर्जात झाडाचं वय अंदाजाने ठोकू नका. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं आणि त्याचे नियम वेगळे. आमच्यातल्या एका आजोबांनी उत्साहाने "साठ तरी असेल" म्हटलं होतं. इमारतीच्या भूमिपूजनाचा फोटो सापडला, त्यात ती जागा रिकामी होती, म्हणून निभावलं. बुंध्याचे फोटो तारखेसह आणि टेप लावून काढा, तेही पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात बुरशी सुकली की ओळखणं अवघड जातं.

बदली झाडं म्हणून बहावा आणि पारिजातक लावलेत. अनामत परत मिळायला त्यांचे फोटो मागितले होते, ते देऊन पोच घेतली आहे. पैसे आलेले नाहीत. माहिती अधिकाराचा दुसरा अर्ज टाइप करून ठेवलाय, सोमवारी टाकतो.