आमची वाटचाल : पाटीवरचे नाव

लातूरला औसा रस्त्यावर २०११ साली आम्ही दोघा भावांनी ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान टाकले, तेव्हा माल उधारीवर मिळत होता, गिऱ्हाईक मात्र मिळत नव्हते. उसाला मोकाट पाणी देण्याची सवय जडलेल्या शेतकऱ्याला रान वरून ओले दिसल्याशिवाय समाधान वाटत नसे, आणि उंदीर नळ्या कुरतडतात, क्षारांनी ड्रीपर (नळीतून थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे) चोंदतात, ही त्याची तक्रारही खोटी नव्हती.

पुढच्या वर्षी तेव्हाच्या औरंगाबादेत विक्रेत्यांची बैठक झाली. नाखूश शेतकऱ्यांना आधी ‘ऑन बोर्ड’ घ्या, असे एक अधिकारी वारंवार बजावत होते. आमचे इंग्रजी बेताचेच. बोर्ड म्हणजे पाटी, एवढे ठाऊक. परतल्यावर सहा फुटी पाटी रंगवून घेतली आणि संच बसवलेल्या अकरा शेतकऱ्यांची नावे गावांसह तिच्यावर लिहिली. (पेंटरने एकाचे आडनाव चुकवले, तो भाग वेगळा.)

दोन महिन्यांत त्यांतलेच एक काका संतापून आले. त्यांचे ड्रीपर चोंदले होते आणि पाटी वाचून जो तो त्यांनाच अनुभव विचारत होता. “आधी माझं नाव पुसा, मग बोला,” म्हणाले.

उलगडा केला तो अकरावीतल्या पुतणीने, शब्दकोश उघडून. हा बोर्ड जहाजाचा. ऑन बोर्ड म्हणजे जहाजावर चढलेला, आणि त्यावरून एखाद्या बेतात मनापासून सामील झालेला. आम्हाला माणूस नावेत घ्यायला सांगितले होते, आम्ही माणसाचे नाव पाटीवर घेतले होते! आपण ‘गळी उतरवणे’ म्हणतो, त्यात गिळणारा एकटाच असतो. नाव बुडू लागली तर नावाड्याच्याही नाकातोंडात पाणी जाते.

मग काकांच्या संचाची आम्लप्रक्रिया, म्हणजे नळ्यांत आम्ल सोडून साचलेले क्षार काढण्याचे काम, आम्ही स्वतः, विनामोबदला केली. नव्या गिऱ्हाइकाला आधी एकाच एकरावर संच देऊन एक तृतीयांश रक्कम ऊस कारखान्याला गेल्यावर घेऊ लागलो, आणि “वरून कोरडं दिसतंय” म्हणणाऱ्यासमोर ड्रीपरखाली कुदळीने खणून फूटभर खालची ओल दाखवू लागलो. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यानंतर विचारणा एकदम वाढली, पण त्याचे श्रेय आम्ही घेणे बरोबर नाही.

काकांनी पुढे धाकट्या भावाच्या रानातही संच बसवला, नाव मात्र पुन्हा लिहू दिले नाही. त्या पाटीवर हल्ली आम्ही नळ्यांचे भाव लिहितो.