कंदीलवाले

एक मेला शाळेचा निकाल लागतो आणि चार मेला आमचं स्काउटचं उन्हाळी शिबिर सुरू होतं. मधले दोन दिवस मी घरात असून नसल्यासारखा. हातात लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही, कानाला फोन आणि तोंडात तांदूळ, दोर, तंबूच्या खुंट्या. बायको म्हणते, त्या वहीलाच एकदा मंगळसूत्र घाला.

वही दरवर्षी नवी, पण याद्या चौदा वर्षं उतरवत आणलेल्या. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी गणित शिकवतो आणि स्काउटमास्टर आहे. यादीतली एकेक ओळ कुठल्या तरी फजितीतून आलेली आहे. तांदूळ माणशी दीडशे ग्रॅम, कारण एका वर्षी सव्वाशे धरले होते आणि शेवटच्या संघाला पोह्यांवर भागवावं लागलं होतं. काड्यापेट्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कारण वळीव विचारून येत नाही.

यंदाची जागा धोम धरणाच्या कडेची. मार्चमध्ये पाहून आलो, एप्रिलच्या शेवटी पुन्हा गेलो. उन्हाळ्यात धरणाची जागा दोनदा बघावी, कारण पाणी मागे सरतं आणि काठ निराळाच होऊन बसतो. आता गुडघाभर पाण्याची छान पसरट पट्टी दिसत होती. पोरांना हातपाय धुवायला बरी, असं मी मनात म्हणतोय तोच शेळ्या घेऊन आलेले एक आजोबा जवळ आले. "मास्तर, पोरं हितं उतरवू नका. ही आमची बुडालेली पट्टी. हितं आमची हीर हाय." मला वाटलं म्हातारा घाबरवतोय. त्यांनी हातातली शेळ्या राखायची लांब काठी पुढं वाकून पाण्यात घातली. ती गेली ती मुठीपर्यंत गेली, तळ काही लागला नाही. परत येताना बसमध्येच वहीत लिहिलं : काठापासून पन्नास पावलांवर दोरी, दोरीपलीकडे कोणी नाही, पाणी टँकरचं.

त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डोकावलो. सर्पदंशाचं इंजेक्शन आहे का आणि विंचवासाठी प्राझोसिनची गोळी आहे का, एवढे दोनच प्रश्न. आपल्याकडचा लाल विंचू लहान पोराच्या हृदयावर जातो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्तदाबाची ही साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली, त्याआधी कोकणात अशी कितीतरी पोरं हाती लागत नसत. दोन्ही गोष्टी कपाटात होत्या, सिस्टरांनी काढून दाखवल्या. बूट झटकून घालायचे आणि अंथरूण जमिनीवर पसरून ठेवायचं नाही, हे पोरांना मी ओरडून सांगतोच.

थोडक्यात, दोन मेच्या सकाळी माझ्या वहीत एकसष्ट ओळी होत्या आणि अठ्ठावन्नवर बरोबरच्या खुणा. मी स्वतःवर बऱ्यापैकी खूश होतो.

त्या दिवशी सामान तपासणी होती. ही माझी आवडती गोष्ट. मैदानावर चारही संघ ओळीत बसतात, प्रत्येक जण आपली पिशवी आपल्या सतरंजीवर उपडी करतो आणि मी लाठी घेऊन एकेका ढिगापुढं उभा राहतो. ताट, वाटी, पेला, टॉर्च, दोरी, जादा गणवेश. आणि यादीत नसलेलं सगळं. तीन किलो लाडू, दहा पाकिटं मॅगी, केसांचं जेल, एकदा तर कपड्यांची इस्त्री. पोरं खिदळतात, मीही चार शेरे मारतो. शिस्त लागते, असं माझं म्हणणं होतं.

तपासणी साडेआठची. सव्वासातला शाळेच्या फाटकाशी एक बाई उभ्या होत्या. सहावीतल्या एका मुलाची आई. मुलगा गरुड संघातला, बारीक चणीचा, शीट बेंडची गाठ डोळे मिटून बांधणारा. हातात पिशवी होती, ती त्यांनी पोटाशी धरली होती.

"सर, त्याला नाही पाठवत."

"का हो ताई? सकाळ-संध्याकाळ माझ्या मागं लागलाय तो."

त्या गप्प. मग माझ्याकडं न बघता, शेजारच्या सूचनाफलकाकडं बघत बोलल्या. फलकावर निकालाच्या वेळापत्रकाशिवाय काही नव्हतं. "रात्री त्याचं अंथरूण ओलं होतं. रोज नाही. पण होतं. अकरा वर्षांचा झाला. मामाच्या गावाला घेऊन जाते, ती संध्याकाळच्या गाडीनं परत आणते. सुट्टीत सगळी भावंडं तिथं राहतात, हा एकटा परत येतो."

पिशवीत मेणकापड होतं. लहान बाळाखाली घालतात ते, लाल. पाठवायचं ठरलंच तर सामानात घालावं म्हणून आणलं होतं आणि घालायचा धीर होत नव्हता. घालतील तरी कसा? सव्वा तासानं ते माझ्या लाठीसमोर सतरंजीवर येऊन पडणार होतं. सत्तावीस पोरांच्या देखत.

"तुम्ही आलात हे त्याला माहीत आहे?"

"कळलं तर बोलायचा नाही माझ्याशी."

मी म्हटलं, मला आजचा दिवस द्या. परवा सकाळी त्याला पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मेणकापड घरी घेऊन जा.

त्या गेल्यावर ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते चहा पीत होते आणि माझ्या गंभीर आवाजाला हसले. म्हणाले, मास्तर, दहा वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पाच जणांना हे असतं. बहुतेकांचं वयाबरोबर आपोआप थांबतं. बऱ्याचदा आईला नाही तर बापाला लहानपणी असतं, पण घरात कोणी कबूल करत नाही. पोरगं मुद्दाम करत नाही, झोप गाढ असते. रागावणं, लाजवणं अजिबात नको. दिवसभर भरपूर पाणी पाजा, उन्हाळा आहे, उगीच पाणी तोडून दुसरं दुखणं आणू नका. संध्याकाळनंतर मात्र बेतानं, चहा नको. झोपताना लघवीला पाठवा आणि रात्री एकदा उठवा. गोळीही असते म्हणाले, पण ती आधी तपासून, घरी घेऊन बघायची. शिबिरात पहिल्यांदा नाही.

फोन ठेवला आणि गणिताचा मास्तर म्हणून मला स्वतःची लाज वाटली. शंभरात पाच. मोठी पोरं धरून थोडे कमी करा. अठ्ठावीस जणांत एखादा निघणारच, आणि मी चौदा वर्षं शिबिरं घेतोय. बाकीचे कुठे गेले? ऐन वेळी ताप आलेले, मामाचं लग्न निघालेले, आजी आजारी पडलेले. दरवर्षी दोन-तीन असतात आणि मी दरवर्षी म्हणतो, आजकालच्या पोरांत दम नाही.

सहायक स्काउटमास्टर आठला आले. त्यांना तेवढंच सांगितलं जेवढं लागत होतं, आणि हार्डवेअरच्या दुकानात पाठवलं. निळा जाड प्लॅस्टिकचा कागद, सहा बाय तीनचे अठ्ठावीस तुकडे. पैसे पोरांच्या 'खऱ्या कमाई'च्या, म्हणजे त्यांनी कामं करून मिळवलेल्या पैशांच्या डब्यातून. साडेआठला मी जाहीर केलं, यंदा सतरंजीखाली प्रत्येकानं प्लॅस्टिक घालायचंच.

मोर संघातला एक नेहमीचा वकील उठला. "सर, मे महिन्यात ओल?"

"वळीव पडला तर तुझी सतरंजी तू वाळवणार का मी?"

आणि सामान तपासणी रद्द. प्रत्येकानं आपली पिशवी घरी आपणच यादीशी ताडून बघायची आणि यादीखाली सही करून आणायची. पोरांचे चेहरे असे झाले की जणू मैदानावरून पोलीस निघून गेले. मॅगी निसटणार हे मला दिसत होतं. निसटू दे.

राहिला प्रश्न रात्री उठवण्याचा. एकट्याला तंबूतून उठवलं की दुसऱ्या रात्री सगळ्यांना कळतं. आमच्याकडे पहारा असतोच, दोन-दोन तासांचा, जोडीजोडीनं. बेडन-पॉवेलनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं, तिथंही रोज रात्री एकेका संघाकडं पहारा असे. पण पहारा फिरता असतो, आज तुझा, उद्या त्याचा. मला रोज हवं होतं, त्याच वेळी, आणि त्यात काहीतरी मान हवा होता.

तासभर वहीत रेघोट्या मारल्या. मग एक पद काढलं, कंदीलवाला. रात्री बरोबर एक वाजता आम्ही दोघे मोठे मिळून छावणीची फेरी मारणार. एकटा मोठा माणूस पोरांबरोबर रात्री फिरत नाही, हा नियमच आहे. फेरीला प्रत्येक संघाचा एक कंदीलवाला, तिन्ही रात्री तोच. फेरीचा मार्ग ठरलेला. आधी सगळ्यांनी शौचालयाकडं जाऊन यायचं, मग तंबूचे दोर, पाण्याची पिंपं, काठावरची दोरी. शिवाय कोठीघरात दोन जादा सतरंज्या, चादरी आणि बादली. ती ओळ मी वहीत लिहिली नाही.

गरुडमधल्या त्या पोराला पाण्याच्या टाकीपाशी गाठलं.

"कंदील धरशील का फेरीला?"

"किती वाजता, सर?"

"एक."

त्यानं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "रोज?"

"रोज."

"धरतो," म्हणाला आणि बाटली न भरताच पळाला. आईनं सांगितलंय हे त्याला कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.

फळ्यावर चार नावं लिहिली. गरुड संघापुढं त्याचं, बाकीची तीन मनाला येतील ती. काम झालं असं समजून डबा उघडला, तर दारात वाघ संघाचा संघनायक. नववीतला, माझ्याहून बोटभर उंच, स्काउटची तृतीय सोपान परीक्षा झालेला, तंबू एकहाती उभा करणारा.

"सर, आमच्या संघाचा कंदीलवाला मीच होतो."

"तू? अरे, तू संघनायक. दिवसभर राबणार, परत रात्री एकला उठणार?"

"चालेल सर."

"एखाद्या लहानाला मिळू दे की."

तो स्कार्फची कड गुंडाळत होता, उलगडत होता, पुन्हा गुंडाळत होता. "सर, मलाच द्या ना."

तेव्हा आठवलं. गेल्या वर्षी निघायच्या सकाळी याला ताप आला होता. त्याच्या आधीच्या वर्षी बहिणीचा साखरपुडा. दोन्ही वेळा मी त्याला आल्यावर चारचौघांत ऐकवलं होतं की संघनायकानं असं टांग मारून चालत नाही.

"दिलं," मी म्हणालो. घास हातातच होता.

तो गेल्यावर फळ्याशी गेलो. वाघपुढचं नाव पुसून त्याचं लिहिलं. मग मोर आणि सिंह या दोन संघांपुढची नावंही पुसली आणि खाली लिहिलं : दोन जागा रिकाम्या, इच्छुकांनी स्वतः येऊन सांगावे.

संध्याकाळी साडेपाचपर्यंत दोन जागांसाठी पाच जण येऊन गेले. मोरचा वकीलही त्यात होता. कोणाला कंदील हवा होता आणि कोणाला उठायचं होतं, ते विचारायचं कारण नव्हतं. मी वहीतली "चार्जिंगचे कंदील : ४" ही ओळ खोडली, सात लिहिलं आणि दुकान बंद व्हायच्या आत बाजारात गेलो.