आप्पांनी आज दुकान बंद ठेवलं

आज पदवीदान. बी.कॉम. आमच्या घरात पहिलीच मी.

आप्पा सातवीनंतर खानापूर तालुक्यातून मामांच्या मागं कोईम्बतूरला आले, गलाईच्या दुकानात. दिवसभर सोनं-चांदी गाळायची, अ‍ॅसिडचा धूर खायचा. दिवाळीलाही अर्धा दिवस उघडं असणारं दुकान आज चक्क बंद! (आई म्हणाली, माझ्या बाळंतपणात नव्हतं हो बंद ठेवलं.)

सर्टिफिकेट घेण्याआधी आप्पांनी बोटं शर्टाला पुसली. अ‍ॅसिडनं काळवंडलेली बोटं, पुसून काय होणार! मग कागद उजेडात धरला, दागिना पारखतात तसा. तमीळ घडाघडा वाचलं, इंग्रजीपाशी अडखळले.

संध्याकाळी गावाकडं आजीला व्हिडिओ कॉल लावला. म्हणाली, "झ्याक झालं बघ. आता दुकानाचा हिशोब तूच बघायचा."