कळसूबाईच्या शिड्या आणि दमसास

डिसेंबरात कळसूबाई करून आलो. कसाऱ्यापर्यंत लोकल, पुढे घोटीमार्गे जीपने बारी. पहाटे साडेपाचला गाव सोडलं, शेतांच्या बांधावरून चढाला लागलो. खरी कसोटी लोखंडी शिड्यांची.

एका शिडीवर मागच्या ग्रुपची घाई चालली होती, म्हणून न थांबता झपाझप चढलो. वर पोचेपर्यंत छाती धडधडत होती, मांड्या पेटल्या होत्या. तसाच मटकन कातळावर बसलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. लिंबूसरबत विकणाऱ्या मावशी ओरडल्या, “बसू नको रं भाऊ, हिंडत ऱ्हा जरा!” हळूहळू फेऱ्या मारल्या, तशी अंधारी ओसरली.

मावशींचं अगदी बरोबर होतं. चालताना पिंढऱ्या आवळल्या जातात आणि पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. एकदम थांबलं की ते खालीच साचतं, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला रक्त कमी पडतं.

शिडी संपली तरी धाप का चालू राहते? जोराच्या चढात प्राणवायू पुरा पडत नाही, म्हणून स्नायू फॉस्फोक्रिएटिनची, म्हणजे त्यांच्यातच साठवलेल्या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाची, शिल्लक वापरतात आणि ग्लुकोज घाईने फोडून लॅक्टेट बनवतात. ही उसनवारी थांबल्यावर फेडावी लागते. ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात याला ‘ऑक्सिजनचं कर्ज’ म्हटलं. फॉस्फोक्रिएटिनचा बराचसा साठा दोन-तीन मिनिटांत भरतो. लॅक्टेट निवळायला मात्र अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही लागतो. त्यातलं बरंचसं हृदय आणि स्नायूच इंधन म्हणून जाळतात, काहीचं यकृत पुन्हा ग्लुकोज करतं. हळू चालत राहिलं तर हे काम लवकर उरकतं. अंग तापलेलं असतं, म्हणून त्यानंतरही काही वेळ प्राणवायू जास्त लागतो.

शिखर १६४६ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १८ टक्क्यांनी कमी, पण धडधाकट माणसाच्या रक्तातला प्राणवायू तेवढ्यानं फारसा उतरत नाही. धाप लागली म्हणून घाबरू नका.

प्रत्येक शिडीआधी दोन-तीन मिनिटं द्याच. गुडघ्यांवर हात टेकून वाका, श्वास सावकाश सोडा. एक अख्खं वाक्य न अडखळता बोलता आलं की निघा. मागच्यांना खुशाल पुढे जाऊ द्या. पाणी घोटघोट प्या. माथ्यावर पोचलात की आधी देवीच्या देवळाभोवती सावकाश फिरा, मग बसा. आणि बसण्याआधी जॅकेट चढवा, वारा फार असतो. छातीत दुखलं किंवा दहा मिनिटं थांबूनही धाप बसली नाही, तर सोबत घेऊन माघारी फिरा आणि डॉक्टर गाठा.

मला नंतर दोन दिवस जिना उतरवत नव्हता. त्याचं खापर लॅक्टेटवर फोडू नका, ते केव्हाच निवळलेलं असतं. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ताणले जाऊन वजन पेलतात, त्यांना झालेल्या बारीक इजांचं ते दुखणं.