तीन रात्रींच्या त्या चॅप्टरबद्दल थोडं बोलायचंय

ही पोस्ट लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं डोक्यात, पण आता राहवत नाहीये. पुस्तकाचं नाव मुद्दाम सांगत नाही कारण मी त्यातलं बरंच काही फोडणार आहे, ज्यांनी वाचलंय त्यांना कळेलच.

गोष्ट साधारण अशी. सतराव्या शतकातलं स्कॉटलंड, गावाबाहेर एकटी राहणारी एक बाई जी खरोखरच चेटकीण आहे, आणि तिला पकडायला आलेला माणूस, ज्याचं पोटच चेटकिणी शोधण्यावर चालतं. एनिमीज टू लव्हर्स (आधी वैरी, मग प्रेमी), भरपूर स्पाइस, म्हणजे शृंगाराचे सीन, हिरो मॉरली ग्रे, म्हणजे धड चांगला नाही धड वाईट नाही असा, म्हणण्यापेक्षा सरळ काळाच. मला डार्क रोमान्स, म्हणजे असल्या क्रूर, अंधाऱ्या प्रेमकथा, आवडतो, मनापासून आवडतो, त्यामुळे 'असलं कसलं वाचता' वाल्या बाजूनं मी बोलत नाहीये हे आधीच सांगते.

आम्ही पाच जणींनी एकदमच वाचायला घेतलं होतं. आणि भांडण लागलं ते सुईच्या सीनवरून. तो तिच्या अंगावर सैतानाची खूण शोधतो, हातात लांब सुई, मेणबत्तीचा उजेड, आणि ते सगळं अगदी हळूहळू, श्वास मोजत लिहिलंय. एकीनं तिथेच पुस्तक मिटलं, डीएनएफ (डिड नॉट फिनिश, अर्धवट सोडलं), परत हात लावणार नाही म्हणाली. दुसरीनं तेच पान तीनदा वाचलं आणि ते तिनं न लाजता सांगितलं, तिचं म्हणणं की कुणीतरी आपल्याला इतकं बारकाईनं बघतंय यातच सगळं आलं. तिसरी म्हणे सीन चांगला आहे पण त्याला रोमान्स म्हणू नका. दोन दिवस हेच चाललं होतं, मधे जरा कडू पण झालं.

त्या वादामुळेच मी खरा इतिहास शोधून वाचायला लागले. तर तिथे खरंच अशी माणसं होती, 'प्रिकर' म्हणायचे, ज्या जागी सुई टोचून दुखत नाही आणि रक्त येत नाही ती सैतानाची खूण, आणि या कामाचे त्यांना पैसे मिळायचे. (पुरुषाचा वेश करून हे काम करणारी एक बाई 1662 मध्ये पकडली गेली, क्रिश्चन कॅडेल नाव तिचं, तिच्याबद्दल वाचताना मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.) स्कॉटलंडमध्ये चेटूकविरोधी कायदा 1563 ते 1736 असा पावणेदोनशे वर्षं होता, त्यात साधारण 3,800 लोकांवर आरोप झाले आणि त्यातल्या 84 टक्के बायका. 8 मार्च 2022 ला तिथल्या तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टरनं, म्हणजे सरकारच्या प्रमुखानं, संसदेत या सगळ्यांची जाहीर माफी मागितली.

पण मला हलवलं ते सुईनं नाही.

पुस्तकात तिला कोठडीत ठेवतात आणि तो तीन रात्री तिच्यासोबत जागा बसतो. दोघं बोलतात, लहानपणीचं, आईचं, तिला पहिल्यांदा आपल्यातली शक्ती कशी कळली ते. आमच्या पाचही जणींचा हा सगळ्यात लाडका चॅप्टर, जिनं पुस्तक अर्धवट टाकलं तिचा सुद्धा, कारण तो आधी येतो. तिसऱ्या रात्री ती म्हणते, 'आता झोपू का?' आणि तो म्हणतो, 'आधी सांग.' आणि ती सांगते की तिचं त्याच्यावर प्रेम आहे. या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली होती, बाजूला छोटं हार्टसुद्धा.

मग तो इतिहास वाचता वाचता कळलं की स्कॉटलंडमध्ये चेटकीण ठरवलेल्या बायकांचा सगळ्यात जास्त छळ याच पद्धतीनं व्हायचा. झोपू द्यायचं नाही. पाळीपाळीनं माणसं बसवायची, डोळा लागला की उठवायचं, चालवायचं. इंग्लंडमध्ये एसेक्सला 1645 मध्ये एलिझाबेथ क्लार्क नावाच्या एका म्हाताऱ्या बाईला, तिला एकच पाय होता, असंच रात्रीमागून रात्र जागं ठेवलं आणि शेवटी तिनं आपल्याकडे प्राण्यांच्या रूपात कोणकोण सैतानी दूत येतात त्यांची नावं घेतली, मांजराच्या पिल्लासारखं होल्ट, लांब पायांच्या कुत्र्यासारखा व्हिनेगर टॉम. मग तिला फाशी दिलं. सलग जागं ठेवलं की माणसाला नसलेलं दिसायला लागतं, आणि समोरच्याला जे ऐकायचंय ते तोंडातून निघतं.

म्हणजे आमचा तो लाडका चॅप्टर एक चौकशी आहे! सुईवर आम्ही दोन दिवस भांडलो कारण सुई दिसते, टोचते. जागरण कुणालाच टोचलं नाही. पुस्तकाच्या सुरुवातीला ट्रिगर वॉर्निंगची, म्हणजे त्रास होऊ शकेल अशा गोष्टींच्या आगाऊ सूचनांची, लांबलचक यादी आहे, रक्त, आग, बळजबरी, सगळं आहे, झोपेचा उल्लेखच नाही. माझी तक्रार हिरो वाईट आहे ही नाहीच, वाईट असू दे, त्यासाठीच तर हे वाचतो आपण. तक्रार अशी की सुईच्या वेळी लेखिका आपल्याला सांगते की बघ हा काय करतोय, आणि या तीन रात्रींमध्ये ती स्वतःच विसरून जाते, किंवा आपल्याला विसरायला लावते. अंधार दाखवायचा तर पूर्ण दाखवा ना.

हे मी बाकीच्यांना सांगितलं तर पहिलं उत्तर आलं की तू फार खोलात जातेस, फँटसी आहे, ती चेटकीण आहे, तिला झोपेनं काय होणार. ठीक आहे, हे पण एक म्हणणं आहे. पण सुईचा सीन तीनदा वाचणारी जी होती ना, तिला चार महिन्यांचं बाळ आहे, ती बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'पहिल्या महिन्यात तिसऱ्या रात्री मला कुणी झोपू देतो म्हणालं असतं तर मी कशालाही हो म्हटलं असतं. कशालाही.'

त्यानंतर तो चॅप्टर मी पुन्हा काढून वाचला. वाक्यं तीच, सुंदरच आहेत, पण आता तिची उत्तरं रात्रीगणिक लहान लहान होत जातात ते दिसलं, पहिल्या रात्री पानभर बोलणारी ती तिसऱ्या रात्री दोन-दोन शब्दांवर आलेली असते.

दुसरा भाग येणार म्हणतात, आणि मी तो घेणार, पहिल्याच दिवशी. मला त्यात एकच सीन हवाय. ती कुठेतरी रात्रभर निवांत झोपलीय, दुपारी बारा वाजेपर्यंत झोपलीय, कुणी उठवलेलं नाही, आणि मग उठून, तोंड धुऊन, काहीतरी खाऊन तिला त्याच्याबद्दल काय वाटतं ते ती आपणहून सांगते. मग ते काहीही असो.