१०० इंची पडदा, ५४ इंची पन्हा

माझं काम ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं. परभणीत वसमत रोडला दुकान आहे. स्लायडिंग, पार्टिशन, डासांच्या जाळ्या. आमच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागल्यापासून गिऱ्हाईकं जाळीचं माप देता देता पडद्याचं विचारतात, "भाऊ, कमी पैशात कोणता घ्यावा?" दुकानात उभ्या उभ्या सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी प्रोजेक्टरचा खरा उजेड किती ते बघा. स्वस्तातल्या एलईडी प्रोजेक्टरच्या खोक्यावर ९०००, १२००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) असे आकडे छापलेले असतात. ते सोडून द्या. आत माहितीपत्रकात किंवा कंपनीच्या पानावर 'एएनएसआय ल्युमेन' असं लिहिलेला आकडा शोधा. तो मोजायची ठरलेली रीत आहे: पडद्यावरच्या नऊ ठिकाणी उजेड मोजतात आणि सरासरी काढतात. माझ्या प्रोजेक्टरचा हा आकडा ४०० आहे. ज्या मशीनवर हा आकडा कुठंच सापडत नाही, त्या मशीनसाठी मोठा पडदा घेऊच नका.

आता हिशेब. आमच्या धंद्यात सगळा भाव चौरस फुटावर चालतो आणि पडद्याचंही तेच आहे. ल्युमेनला पडद्याच्या चौरस फुटांनी भागायचं आणि पडद्याच्या गेननं गुणायचं (गेन म्हणजे पडदा समोर किती उजेड परत फेकतो तो आकडा, साध्या पांढऱ्याचा १). येणाऱ्या आकड्याला फूट-लॅम्बर्ट म्हणतात. फिल्मवर चालणाऱ्या थिएटरसाठी एसएमपीटीई या सिनेमा तंत्रज्ञांच्या संस्थेनं १६ फूट-लॅम्बर्टचं माप ठरवलं होतं, डिजिटलसाठी ते १४ आहे. १०० इंची पडदा म्हणजे कर्ण १०० इंच. १६:९ च्या चौकटीत तो ८७ इंच रुंद आणि ४९ इंच उंच भरतो. हे झाले साधारण ३० चौरस फूट. ४०० भागिले ३०, म्हणजे १३ च्या थोडं वर. पूर्ण अंधारात माझ्या डोळ्याला हे छान वाटतं.

माझा मेव्हणा पूर्णेहून आला होता. त्याचं एकच पालुपद, "दाजी, भिंत अकरा फुटाची हाय. १२० इंची बसतंय की! घ्यायचाच तर मोठा घ्या." त्याला मी कागदावर मांडून दाखवलं. १०० वरून १२० वर गेलं की कर्ण वीस इंचांनी वाढतो, पण क्षेत्रफळ वाढतं ४४ टक्के. जवळजवळ ४३ चौरस फूट. तेवढ्यावर तोच उजेड पसरला की ९ च्या आसपास आकडा येतो, आणि प्रोजेक्टरचा उजेड कमी करणारा सिनेमा मोड लावला की त्याहून खाली. रात्रीचा प्रसंग असेल तर माणसं ओळखू येत नाहीत. भिंतीत जागा आहे म्हणून पडदा मोठा करायचा नसतो. मशीनला जेवढा झेपेल तेवढाच करायचा. २५०-३०० ल्युमेनचं मशीन असेल तर ८० इंचावर थांबा. ८० इंची पडदा १९ चौरस फुटांचा असतो, त्यावर २५० ल्युमेनचेही १३ मिळतात. लहान पण भरलेलं चित्र बघायला बसणाऱ्याला लहान वाटत नाही, हे मी स्वतःच्या घरात रोज बघतो.

बसायचं अंतरही त्याच हिशेबात येतं. १०० इंचाला १० ते १३ फूट. आमचा सोफा समोरच्या भिंतीपासून ११ फुटांवर आहे, त्यामुळं तिथं जास्त विचार करावा लागला नाही.

गेनबद्दल मात्र सांगायलाच पाहिजे, कारण दुकानदार 'हाय गेन' म्हणून जास्त पैसे लावतात. गेन १ म्हणजे पडदा उजेड सगळीकडं सारखा परत फेकतो. १ च्या वर गेलं की तो समोरच्याला जास्त देतो आणि बाजूच्याचा कमी करतो. मधोमध चकाकणारा ठिपकाही दिसायला लागतो. आपल्याकडं सिनेमा बघायला माणसं बसतात कशी? दोघं सोफ्यावर, पोरं खाली गादीवर, आई दाराशी खुर्ची टाकून, शेजारची मावशी भिंतीला टेकून. दाराशी बसलेल्या माझ्या आईला अंधुक दिसणारा पडदा मला नको होता. साधा मॅट पांढरा, गेन १, हाच घरासाठी योग्य. करड्या पडद्यानं काळा रंग गडद होतो हे खरं, पण तो एकूण उजेडही खातो. मशीन दमदार असेल तर घ्या. ४०० ल्युमेनवाल्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि दिवसा उजेडात चालणारे म्हणून जे महाग पडदे विकतात, त्यातले बरेचसे भिंतीला चिकटून खालून उजेड फेकणाऱ्या प्रोजेक्टरसाठी बनवलेले असतात. आपला प्रोजेक्टर छताला किंवा मागच्या टेबलावर असेल तर तसला पडदा आपलाच उजेड अडवतो.

ओढून खाली घ्यायचे पीव्हीसीचे पडदे बाजारात सगळ्यात जास्त. भाड्याच्या घरात किंवा मागं कपाट, देवघर असेल तर तेच घ्यावे लागतात आणि गुंडाळून ठेवल्यानं धुळीपासून वाचतात, हा त्यांचा मोठा गुण. पण इथल्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ वर असताना, ताण नसलेल्या पीव्हीसीच्या कडा आत वळतात आणि मध्ये लाटा पडतात. पार्टिशनच्या कामाला ज्या क्लासमध्ये जातो तिथं फळ्यावरचे पडदे असेच झालेत. अक्षरं वाचायची तर चालून जातं. सिनेमात कॅमेरा आडवा सरकला की प्रत्येक लाट दिसते.

भिंतच रंगवायची असेल तर आधी रात्री बॅटरी भिंतीला लावून आडवा उजेड पाडा. पुट्टीचे सगळे उंचवटे दिसतील. ते घासून सपाट होत असतील तर मॅट पांढरा रंग सगळ्यात स्वस्त. आमची भिंत जुनी, प्लास्टर ओबडधोबड, म्हणून मी चौकट केली.

कापड मी घेतलं खिडकीच्या पडद्याच्या दुकानातून: पांढरं ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणारं, अस्तर. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ५४ इंच असतो आणि १०० इंची पडद्याची उंची ४९ इंच. म्हणजे कापड आडवं धरलं की मध्ये एकही जोड न येता वर-खाली अडीच-अडीच इंच शिल्लक राहतं. एक इंच जाडीच्या पाइपच्या कडेवर एक इंच जातं, दीड इंच मागं दाबायला मिळतं. अडीच मीटर लागलं, २५० रुपये मीटरनं. याहून मोठा पडदा हवा असेल तर दुप्पट पन्ह्याचं कापड शोधावं लागतं.

कापड बघताना तीन गोष्टी करा. मोबाईलची बॅटरी मागून लावा. उजेड आरपार आला तर ते कापड नको. गणपतीत गल्लीत धोतरासारख्या पातळ कापडावर सिनेमा लावायचे तेव्हा निम्मी माणसं पलीकडच्या बाजूला बसून उलटं चित्र बघायची. मजा यायची, पण तो पलीकडं गेलेला उजेड अलीकडच्यांचाच होता. दुसरं, दुकानाबाहेर उन्हात नेऊन कोऱ्या कागदाशेजारी धरा. मळकट किंवा क्रीम रंगाचं निघालं तर सगळ्या चित्रावर पिवळी झाक येते. तिसरं, घडी घालू देऊ नका. दुकानदाराकडं पुठ्ठ्याची रिकामी नळी असतेच, तिच्यावर गुंडाळून मागा. ब्लॅकआउटची घडी इस्त्रीनं सहजी जात नाही, आणि आतला थर उष्णतेनं बिघडतो.

चौकट दीड बाय एक इंची ॲल्युमिनियम पाइपची. लाकडाचीही चालते, पण पावसाळा-उन्हाळ्यात लाकूड पीळ धरतं. कोपरे गुण्यानं (काटकोन बघायच्या पट्टीनं) तपासा, मग दोन्ही कर्ण मोजा. खिडकीलाही आम्ही तेच करतो. इथं दोन्ही कर्ण सारखे, साधारण १०० इंच, आले की चौकट काटकोनात आहे. सूतभराचा फरक राहिला तरी चित्राची कड काळ्या पट्टीला समांतर बसत नाही. ८७ इंचांचा आडवा पाइप कापडाच्या ताणानं मध्ये आत वाकतो, म्हणून मधोमध एक उभा पाइप द्या. तो अर्ध्या इंचाचाच घ्या आणि मागच्या अंगाला बसवा. कापडाला टेकला तर त्याची रेघ चित्रात उमटते.

ताणायची रीत जाळीसारखीच. कोपऱ्यापासून सुरू केलं की सुरकुत्या मध्ये जमा होतात. चारही बाजूंचे मध्यबिंदू आधी पक्के करायचे, मग समोरासमोर थोडं थोडं करत कोपऱ्यांकडं जायचं आणि कोपरे शेवटी. मागून मी पट्टी दाबून स्क्रू मारले. लाकडाच्या चौकटीला स्टेपलर गन पुरते.

भोवती तीन इंची एमडीएफच्या पट्ट्या आणि त्यावर काळी मखमल. साटीन नको, ते चमकतं. मखमल बाहेर सांडलेला उजेड पिते आणि चित्राची कड धारदार दिसते. एक मीटर मखमल पुरली, कारण तिच्यातले जोड अंधारात कळत नाहीत.

पडद्यावर वाचलेले पैसे मी खोलीवर घातले. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. जिथं उजेड पडत नाही तिथं पडदा जसा दिसतो तोच आपला काळा. त्यामुळं खिडकीतून येणारा रस्त्यावरचा दिवा, झडपेच्या फटीतून येणारा कवडसा, पांढऱ्या छतावरून परत येणारा उजेड, हे सगळं काळ्यावर येऊन बसतं. खिडक्यांना तसल्याच ब्लॅकआउटचं अस्तर लावलं आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींना चार-चार फूट गडद मरून पडदे सोडले. छत काळं करायला आईनं साफ नकार दिला. ते पांढरंच आहे.

पडद्याची खालची कड जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवली, म्हणजे गादीवरच्यांच्या माना दुखत नाहीत आणि सोफ्यावरच्यांना पुढची डोकी आडवी येत नाहीत. धुळीसाठी मऊ कोरडा ब्रश वरून खाली हलका फिरवायचा. ओलं फडकं किंवा काचेचा स्प्रे लावू नका, डाग कायमचा राहतो. पाइप, कापड, मखमल, पट्ट्या आणि स्क्रू धरून मला २६०० रुपये आले, मजुरी माझीच. बाहेरून करून घेतलं तर फॅब्रिकेटर हजार-बाराशे घेईल. त्याला चौकटीचं माप देताना 'बाहेरून बाहेर ८७ बाय ४९' असं स्पष्ट सांगा. आतून आत धरलं तर ५४ चा पन्हा पुरणार नाही.