हुरहूर नव्हे, रुखरुख

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज फोटो झाला एकदाचा.

वर्गात दिलेलं काम असं होतं: एक भावना, एक फोटो. सगळं आधी ठरवून, मांडून काढायचं आणि चेहरा दाखवायचा नाही. पहिल्याच दिवशी मी वहीत लिहून टाकलं होतं, 'हुरहूर'. आजी पुण्याला गेल्यापासून घरात जे वाटतं ते. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा जिना उभा आणि अंधारा, तिच्या गुडघ्यांना झेपेना, म्हणून मार्चमध्ये काका तिला घेऊन गेले.

पहिल्या फोटोत खिडकीशी रिकामी खुर्ची आणि तिची शाल होती. सर म्हणाले, "खुर्ची छान आहे. पण ही कुणाचीही खुर्ची आहे." मग त्यांनी हुरहूर म्हणजे काय ते विचारलं. मी सांगायला लागले, तेवढ्यात वर्गातली दुसरी मराठी मुलगी म्हणाली, "तू सांगतेयस ती रुखरुख नाही का?" सरांनी विचारलं, "ए बेमां फरक शुं?"

आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो आणि अडखळलो. शेवटी मी म्हटलं, हुरहूर लागते ती माणूस जवळ नसल्याची. रुखरुख लागते ती आपल्या हातून काही राहून गेल्याची. वाक्य संपलं आणि मला पुढं बोलवेना.

कारण मला सुई आठवली. जायच्या आदल्या संध्याकाळी आजी जुन्या नऊवारींची गोधडी शिवत बसली होती. "एवढा दोरा ओवून दे गं," म्हणाली. मी मोबाइलवर होते. "पाच मिनिटं, आजी," म्हटलं. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. मग तिनं सुई गोधडीत खोचून ठेवली आणि उठली. सकाळी टॅक्सी आली. गोधडी ट्रंकेत तशीच राहिली, अर्धी धावदोरा घातलेली.

हे सगळं पुन्हा मांडायचं म्हणजे नाटक होईल का, हा प्रश्न मला आठवडाभर छळत होता. सरांनी तेव्हा बायार नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. फोटो काढायची एक पद्धत त्यानंही शोधली होती, पण मान मिळाला दागेर या दुसऱ्या फ्रेंच माणसाला, त्याच्या पद्धतीसाठी. तेव्हा १८४० मध्ये यानं स्वतःचाच फोटो काढला, बुडून मेलेल्या माणसाचा. डोळे मिटलेले, अंग एका बाजूला कललेलं. त्या काळी फोटोला कित्येक मिनिटं लागत, तेवढा वेळ तो तसाच निश्चल राहिला. मागे मजकूरही लिहिला, की बिचाऱ्यानं जीव दिला. तो जिवंत होता, बुडालेला नव्हता, पण त्याचा अपमान खरा होता. पुष्पमाला एन. आमच्या बडोद्यातच शिल्पकला शिकल्या आणि पुढं स्वतः वेश करून, पडदे लावून फोटो करत राहिल्या. म्हणजे मांडणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, इतपत मला पटलं.

आज सकाळी गोधडी काढली. सुई तिथंच होती, ती मी हलवली नाही. पूर्वेच्या खिडकीला आईचं पांढरं पातळ लावलं, एक दार लोटून उजेड कमी केला, नाहीतर मोबाइलचा प्रकाश दिसलाच नसता. सगळ्यात जास्त सुईनं रडवलं. पोलादाला स्वतःचा रंगच नसतो, समोर जे असेल ते त्यात दिसतं. कापडात ती हरवूनच जायची. मग आईला पांढरा पुठ्ठा घेऊन बाजूला उभं केलं, तो दोन बोटं कलता केल्यावर सुईवर एक बारीक रेघ उजळली. अ‍ॅपर्चर एफ ८, शटर पाव सेकंद, टायमर दहा सेकंदांचा. चौकटीच्या कडेला माझा हात, अंगठा स्क्रीनवर. हात हलू नये म्हणून कोपर ट्रंकेवर टेकलं होतं. सुईपासून हात एक वीतभर.

"हे कशाला दाखवायचं गं लोकांना?" आईनं पुठ्ठा धरल्या धरल्या विचारलं. मी उत्तर दिलं नाही. त्या दहा सेकंदांत मला आजीचा दुसऱ्यांदा विचारतानाचा आवाज ऐकू येत होता. पहिल्यापेक्षा हळू. हे मी त्या संध्याकाळी ऐकलंच नव्हतं. बावीस फोटो काढले, सतरावा ठेवला.

संध्याकाळी तो काकांच्या फोनवर पाठवला. थोड्या वेळानं आजीचा फोन आला. "गोधडी आपली दिसतेय. हा हात तुझाच ना? अंगठीवरून ओळखला."

"आजी, सुई दिसली का? लाल फुलांच्या तुकड्यावर बघ, मधोमध."

बराच वेळ ती काही बोलली नाही. "मला नाही बाई दिसत," म्हणाली. मग विचारलं, "ओवलेली आहे का?"

"नाही," म्हटलं.